तेलाचे किलो आणि लिटर: खानदेशातल्या घरासाठी, पंगतीसाठी आणि घाण्यासाठी हिशेब

लग्नाच्या किंवा भंडाऱ्याच्या यादीत आचारी महाराज लिहितात, "तेल २ डबे." त्यांच्या डोक्यात १५ किलोचा पत्र्याचा डबा असतो. घरातला पोरगा जळगावच्या दाणा बाजारात जातो आणि १५ लिटरचे दोन प्लास्टिकचे कॅन घेऊन येतो. दोन्हीवर १५ चाच आकडा, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. त्या दोन कॅनमध्ये मिळून २७ किलो ३०० ग्रॅम तेल असतं आणि महाराजांना हवं असतं ३० किलो. पावणेतीन किलोचा हा खड्डा पुऱ्या तळायच्या वेळी उघडा पडतो. तेव्हा बाजार बंद असतो आणि पंगत बसलेली असते.

म्हणून एक सवय लावून घ्या: तेलाचा कोणताही हिशेब आधी किलोत आणा, मग बाकीचं ठरवा. किंमत ताडायची असो, वाटणी करायची असो की पदार्थाचं प्रमाण वाढवायचं असो, प्रत्येक वेळी हेच. तेल तापलं की फुगतं, गार झालं की बसतं, पण त्याचं वजन जागचं हलत नाही. लिटर कधी वापरायचा तेही पुढे सांगतो, कारण काही कामांना लिटरच लागतो.

एकच आकडा लक्षात ठेवा: ९१०

एक लिटर पाण्याचं वजन जवळपास एक किलो. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तर शेवभाजीवर तर्री वर येते. आपल्याकडच्या हवेत, म्हणजे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास, एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. यावरून दोन सूत्रं निघतात:

लिटर × ०.९१ = किलो
किलो × १.१ = लिटर

दुसऱ्या सूत्रात खरं तर ०.९१ ने भागायचं असतं, पण १.१ ने गुणलं तरी उत्तर जवळपास तेच येतं आणि तोंडी जमतं.

तोंडी हिशेब असा करा. किलोचे लिटर करायचे असतील तर दहावा भाग मिळवा. १५ किलोत दीड मिळवला की साडेसोळा लिटर. लिटरचे किलो करायचे असतील तर दहावा भाग वजा करा आणि शंभरावा भाग परत मिळवा. ५ लिटरमधून ५०० ग्रॅम काढले की साडेचार किलो, त्यात ५० ग्रॅम परत घातले की ४ किलो ५५० ग्रॅम. घाईत नुसता दहावा भाग वजा केला तरी चूक शेकडा एकाच्या आसपासच राहते. घरच्या भाजीला ती जाणवत नाही, व्यापाराला मात्र चालणार नाही.

गुणायचं की भागायचं, मिळवायचं की काढायचं, यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. त्यावर पक्की तपासणी आहे: तेल तेवढंच असेल तर लिटरचा आकडा नेहमी मोठा आणि किलोचा लहान. उत्तर उलटं आलं तर हिशेब उलटा झाला.

फडताळाच्या दाराला आतून चिकटवून ठेवायचे आकडे:

१०० मिली – ९१ ग्रॅम
२५० मिली – २२८ ग्रॅम
५०० मिली – ४५५ ग्रॅम
१ लिटर – ९१० ग्रॅम
५ लिटर – ४ किलो ५५० ग्रॅम
१५ लिटर – १३ किलो ६५० ग्रॅम

आणि उलट बाजूने:

१०० ग्रॅम – ११० मिली
२५० ग्रॅम – २७५ मिली
५०० ग्रॅम – ५५० मिली
१ किलो – १ लिटर १०० मिली
५ किलो – साडेपाच लिटर
१५ किलो – साडेसोळा लिटर

शेंगदाणा, सरकी, सोयाबीन: फरक किती?

"सरकीचं तेल जड, शेंगदाण्याचं हलकं" असं बाजारात ऐकायला मिळतं. फरक आहे, पण अगदी थोडा. ३० अंशाला शेंगदाणा तेल लिटरमागे ९१० ग्रॅमच्या जवळ, सोयाबीन आणि सरकी ९१५ च्या आसपास, सूर्यफूल ९१३, तीळ ९१२, करडई ९१७, मोहरी ९०८ धरा. पामोलिन या सगळ्यांपेक्षा किंचित हलकं. एकाच जातीच्या तेलातही बियाणं आणि प्रक्रिया बदलली की पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे होतात.

वर आकडे दिलेल्या तेलांत सगळ्यात हलकी मोहरी आणि सगळ्यात जड करडई यांचे १५-१५ किलोचे डबे शेजारी ठेवले तर दोन्हींच्या लिटरमध्ये फरक पडेल साधारण १६० मिलीचा, म्हणजे एका लहान वाटीचा. त्यामुळे घरी आणि पंगतीला सगळ्या तेलांना ९१० लावून मोकळं व्हा. मिसळ तेल असेल तरी तोच आकडा चालतो. पातळ केलेलं तूपही याच्या जवळपासच येतं. गोठलेल्या रवाळ तुपाला मात्र हा आकडा लावू नका, त्यात हवा अडकलेली असते. ते सरळ तोलूनच घ्या.

डबा आणि कॅन: स्वस्त कोणतं?

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. कॅनची किंमत डब्यापेक्षा कमी दिसते, म्हणून लोक तो उचलतात.

भाव रोज बदलतात, म्हणून फक्त उदाहरणासाठी आकडे धरू. १५ किलोचा डबा २,४०० रुपयांना, १५ लिटरचा कॅन २,२५० रुपयांना. कॅन दीडशे रुपयांनी स्वस्त वाटतो. आता दोन्ही किलोवर आणा. डबा: २,४०० भागिले १५, म्हणजे किलोला १६० रुपये. कॅन: २,२५० भागिले १५, म्हणजे लिटरला १५० रुपये. लिटरच्या भावाला १.१ ने गुणलं की किलोचा भाव मिळतो: १५० गुणिले १.१, म्हणजे १६५ रुपये. स्वस्त वाटणारा कॅन किलोमागे पाच रुपयांनी महाग निघाला.

इथे जरा थांबून नीट पाहा. तेल लिटरवरून किलोत नेताना आकडा कमी होतो, पण भाव लिटरवरून किलोत नेताना आकडा वाढतो, कारण एका किलोत एका लिटरपेक्षा जास्त तेल असतं. दुकानात मोबाइलवर हिशेब करताना इथेच बोटं चुकतात. किलोचा भाव लिटरच्या भावापेक्षा कमी आला, तर तो चुकीचा आहे असं समजा.

पंगतीसाठी यादी घेताना महाराजांना तिथेच विचारा, "डबा किलोचा की लिटरचा?" आणि उत्तर यादीत लिहून घ्या: "तेल ३० किलो." मग दुकानात काहीही मिळो, हिशेब तुमच्या हातात राहतो. १५ लिटरचे कॅनच मिळाले तर ३० किलोला ३३ लिटर लागतील. दोन कॅन आणि वर तीन लिटरची पाकिटं घ्या.

लहान पाकिटांचा प्रश्न वेगळा आहे. पूर्वी तेल ठरावीक मापांतच पॅक करावं लागायचं. २०२२ मध्ये ती सक्ती उठली आणि आता बाजारात ९१० ग्रॅमच्या शेजारीच ८५०, ८०० किंवा ७५० ग्रॅमचं पाकीटही दिसतं. आकार आणि चित्र सारखंच असलं की हाताला फरक कळत नाही. पाकिटावर आता एकक विक्री किंमतही छापलेली असते, ती शोधा. पण तिथेही नीट बघा: एका पाकिटावर ती ग्रॅमला असते, दुसऱ्यावर मिलीला. मिलीच्या भावाला १.१ ने गुणून ग्रॅमचा भाव काढा आणि मगच ताडून पाहा.

भरताच्या पार्टीचं उदाहरण घेऊ. थंडीत बामणोद-आसोद्याकडची हिरवी वांगी आली की शेतात काट्याकुट्यांवर भरीत भाजायचे बेत ठरतात. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. समजा, घरी तुम्ही किलोभर वांग्यांना १०० मिली तेल घालता आणि पार्टीला २५ किलो वांगी आहेत. लागेल अडीच लिटर, म्हणजे २ किलो २७५ ग्रॅम. ८५० ग्रॅमची तीन पाकिटं आणली तर २ किलो ५५० ग्रॅम होतात आणि थोडं उरतं. ७५० ची तीन आणली तर २ किलो २५० होतात, म्हणजे काठावर येतं. आणि "अडीच लिटर म्हणजे अडीच किलो" असं धरून हिशेब केला तर पाव किलो जास्त धराल. भरिताला ते अंगावर येतं, मिरच्या-लसणाची चव मागे पडते.

ऊन, थंडी आणि तेलाचा लिटर

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि पौषातल्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो. तेलाचा लिटर याच दोन टोकांमध्ये हलतो. तापमान एका अंशाने वाढलं की लिटरभर तेलाचं वजन साधारण ०.६५ ते ०.७ ग्रॅमने कमी होतं. थंडीच्या पहाटे मोजलेलं एक लिटर सोयाबीन तेल ९२५ ग्रॅमच्या जवळ भरेल, तर मेच्या दुपारी ४२ अंशाला मोजलेलं ९०४ च्या जवळ. एका डब्याच्या मानाने बघा: तेच १५ किलो तेल थंडीत १६.२ लिटर जागा घेतं आणि उन्हाळ्यात १६.६. डब्यात वर थोडी जागा रिकामी असते ती यासाठीच. घरी बरणी भरतानाही गळ्यापर्यंत भरू नका, नाहीतर उन्हाळ्यात झाकणाखालून तेल पाझरतं आणि फळीवर चिकट कडं पडतं.

ही घरात दोन टक्क्यांची गोष्ट आहे. पॅकिंगच्या ठिकाणी मात्र ती मोठी होते. काही पॅकिंगवाले "६० अंश तापमानाला १ लिटर" असं छापायचे. ६० अंशाला लिटरभर सोयाबीन तेल ८९३ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि २१ अंशाला सुमारे ९१९. लिटर तोच लिहायचा आणि तेल २६ ग्रॅम कमी भरायचं. यावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं की, तापमान न लिहिता प्रमाण छापा आणि छापलेल्या लिटरशी वजन जुळलं पाहिजे. लेबलं सुधारायला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली होती. म्हणून आज पाकीट घेताना लिटरचा मोठा आकडा सोडा आणि त्याच्याजवळचे ग्रॅम वाचा. एक लिटर आणि ९१० ग्रॅम ही जोडी ठीक आहे. लिटरच्या पाकिटावर ग्रॅमचा आकडा ९०० च्या खाली असेल तर दुसरं पाकीट पाहा.

घरातली पळी, वाटी आणि चमचा

पाककृतीत चमचे आणि कप असतात, आपल्या हातात मात्र पळी असते. मापाचा चहाचा चमचा ५ मिलीचा असतो, त्यात साडेचार ग्रॅम तेल बसतं. मोठा चमचा १५ मिलीचा, त्यात १३ ते १४ ग्रॅम. २४० मिलीच्या कपात २१८ ग्रॅम. हे झालं मापाच्या चमच्यांचं. घरातल्या स्टीलच्या चमच्यांचा आणि वाट्यांचा भरवसा नाही, प्रत्येकाचा खोलगटपणा वेगळा. म्हणून आपली पळी एकदा मोजून घ्या.

रीत अशी. वजनकाट्यावर कोरडी वाटी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. रोज फोडणीला घेता तशीच पळी भरून दहा वेळा तेल ओता. मुद्दाम काठोकाठ भरू नका, निथळतही बसू नका, रोजचा हात चालतो तसाच चालू द्या. काट्यावर समजा १८० ग्रॅम आले, तर तुमची पळी १८ ग्रॅमची, म्हणजे साधारण २० मिलीची. एकाच पळीचं वजन करण्यापेक्षा दहा पळ्यांचं करून दहाने भागलं की हाताचा चढउतार त्यातच मुरतो. तेल परत बरणीत ओता, काही वाया जात नाही. थंडीत तेल घट्ट असतं, पळीला जास्त चिकटून राहतं आणि निथळायला वेळ लागतो, म्हणून हा प्रयोग नेहमीच्या हवेत करा.

पळीचा आकडा कळला की डॉक्टरांचा सल्लाही पाळता येतो. "माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल" असं सांगितलं असेल तर ते झालं ४५५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १५ ग्रॅम. चार माणसांचं घर असेल तर दिवसाला ६० ग्रॅम, म्हणजे १८ ग्रॅमची पळी असेल तर सव्वातीन पळ्या, आणि यात भाजी, वरणाची फोडणी, पोळीचं तेल सगळं आलं. एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात. मिलीने मोजलंत तर आकडा ८.२ च्या आसपास धरा. वजन कमी करायला वही ठेवणाऱ्यांनी मिलीला ९ ने गुणू नये, हिशेब जवळपास दहा टक्क्यांनी फुगतो.

डिजिटल काट्याचं "मिली" बटण

स्वयंपाकघरातल्या बऱ्याच डिजिटल काट्यांवर ग्रॅमशेजारी "मिली" असतं. ते दाबलं की काटा तेल मिलीत मोजायला लागतो असं वाटतं. तसं होत नाही. काटा फक्त वजनच करतो. तो आतल्या आत "एक ग्रॅम म्हणजे एक मिली" असं धरतो, म्हणजे पाण्याचा हिशेब. काही काट्यांवर दुधाची वेगळी खूण असते, ती दुधासाठी. तेलासाठी दोन्ही चुकीच्या. ५०० मिली तेल हवं म्हणून काट्यावर ५०० मिली येईपर्यंत ओतलंत तर भांड्यात प्रत्यक्षात ५५० मिली पडतं. शंकरपाळ्याच्या मोहनात असं झालं की पीठ पार खुसखुशीत होऊन तेलात विरघळायला लागतं. काटा ग्रॅमवर ठेवा, ५०० मिलीला ४५५ ग्रॅम ओता.

आपल्या हातातलं तेल स्वतः तपासा

घाण्याचं तेल विकणाऱ्यांनी किंवा बचत गटात शेव-फरसाण करणाऱ्यांनी हे एकदा करावंच. एक पारदर्शक बाटली घ्या, पूर्ण कोरडी. रिकामी तोला. तिच्यावर एका उंचीला पेनाने बारीक रेघ मारा. रेघेपर्यंत पाणी भरा, डोळा रेघेच्या पातळीला आणून पाहा, बाहेरून पुसा आणि तोला. पाणी ओतून बाटली उन्हात पूर्ण वाळवा. आता त्याच रेघेपर्यंत तेल भरून तोला. समजा, रिकामी बाटली ३२ ग्रॅम, पाण्यासकट ५३२, तेलासकट ४८९. पाणी झालं ५०० ग्रॅम आणि तेल ४५७ ग्रॅम. ४५७ भागिले ५००, म्हणजे ०.९१४. हा तुमच्या तेलाचा आकडा. पाणी आणि तेल दोन्ही खोलीच्या तापमानाला असू द्या. घाण्यावरून नुकतंच आलेलं कोमट तेल वापरलंत तर आकडा खाली येईल.

एक सांगून ठेवतो, या आकड्यावरून भेसळ पकडता येत नाही. सगळी तेलं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की शेंगदाण्यात पामोलिन मिसळलं तरी घरच्या काट्याला ते कळणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

पाकिटातलं तेल कमी वाटलं तर तपासणी सोपी आहे. भरलेलं पाकीट तोला, रिकामं करून नीट निथळू द्या, पुन्हा तोला आणि वजाबाकी करा. पाच-दहा ग्रॅम कमी आले म्हणून लगेच भांडायला जाऊ नका: ५०० ग्रॅमच्या वर आणि किलोपर्यंतच्या पाकिटाला १५ ग्रॅमपर्यंतचा फरक नियमात बसतो आणि १५ किलोच्या डब्याला १५० ग्रॅमपर्यंतचा. त्यापुढे गेलं तर बिल आणि पाकीट जपून ठेवा आणि वैधमापन शास्त्र विभागाकडे किंवा ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा.

घाण्यावर जाताना

शेंगदाणे देऊन तेल काढून आणायचं असेल तर ढोबळ हिशेब असा: अडीच किलो दाण्याला साधारण किलोभर तेल. दाण्याच्या जातीवर, ओलीवर आणि घाण्यावर हे कमी-जास्त होतं. तेल विकत घेत असाल तर पहिला प्रश्न, "भाव किलोचा की लिटरचा?" एकाच रस्त्यावरचे दोन घाणे दोन वेगळ्या मापांत भाव सांगतात. महाग वाटणारा किलोवाला कधीकधी लिटरवाल्यापेक्षा स्वस्त असतो, वरच्या १.१ च्या गुणाकाराने लगेच कळेल.

दुसरं, भांडं. पाच किलो तेल आणायला पाच लिटरचा कॅन नेलात तर साडेचार किलोवरच तो काठाला येतो आणि उरलेलं अर्धा किलो तेल कशात घ्यायचं याची धावपळ होते. पाच किलोला किमान सहा लिटरचं भांडं न्या. ताज्या तेलात फेस असतो आणि गाळही असतो. मापाने घेतलंत तर फेसही मोजला जातो. फेस बसल्यावर, तोलूनच घ्या. घरी दोन-तीन दिवसांनी गाळ तळाला बसेल, वरचं नितळ तेल ओतून पुन्हा तोललंत की खरा भाव हाती येतो.

तळणीचा हिशेब

शेव, पापडी, चकली विकणाऱ्या बायकांचा नफा तेलातच जातो आणि तो नेमका किती जातो हे मोजलं जात नाही. कढईतलं तेल अंदाजाने "तीन लिटर उरलं" म्हणायचं आणि पुढे जायचं, अशी पद्धत असते. कढईत गरम तेल फुगलेलं असतं. १८० अंशाला ते खोलीतल्या तेलापेक्षा सुमारे १२ टक्के जास्त जागा घेतं. तीन लिटर ओतलं असेल तर तापल्यावर ते साडेतीन लिटरच्या जवळ जातं, वर त्यात शेव सोडली की फेस. म्हणूनच गार असताना कढई निम्म्याच्या वर भरू नये.

हिशेब असा मांडा. समजा ५ किलो बेसनाची शेव करायची आहे. सुरुवातीला कढईत ४ किलो तेल तोलून घातलं. मध्ये एक लिटरचं पाकीट फोडलं, म्हणजे ९१० ग्रॅम. तळण संपल्यावर तेल पूर्ण गार होऊ दिलं, गाळलं आणि तोललं: २ किलो ६०० ग्रॅम. चार किलो अधिक ९१० ग्रॅम वजा २ किलो ६००, म्हणजे २ किलो ३१० ग्रॅम तेल गेलं. मोहनात पाव लिटर घातलं होतं, ते २२८ ग्रॅम. एकूण अडीच किलोच्या वर. या तेलाची किंमत तयार शेवेच्या किलोवर वाटा.

तेच गरम असताना कढईत डोळ्याने पाहिलं असतं तर उरलेलं तेल तीन लिटर वाटलं असतं आणि लिटरचा हिशेब करून खर्च २ किलो १८० ग्रॅम निघाला असता. अशा प्रत्येक तळणीला १३० ग्रॅम तेल वहीत न येता जातं. दिवाळीच्या आधी रोज तळण असतं, तेव्हा हे किती होतं ते ज्याचं त्याने मोजावं. गरम तेल मात्र कधीही काट्यावर ठेवू नका, हलवूही नका.

आजीची वही: शेर, पावशेर आणि लोणचं

जुन्या वह्यांत तेल शेरात लिहिलेलं असतं. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून शेर झाला ९३३ ग्रॅम. शेरभर तेल म्हणजे साधारण १ लिटर २५ मिली. पावशेर म्हणजे २३३ ग्रॅम, साधारण २५५ मिली. म्हणजे तेलापुरतं जुन्या शेराला सरळ एक लिटर आणि पावशेराला पाव लिटर घेतलं तरी चव जागेवर राहते. मीठ, मोहरीची डाळ, तिखट यांना हे लावू नका, त्यांचा शेर ९३३ ग्रॅमच धरा. धान्य मापायचा शेर वेगळाच, त्याचा तेलाशी संबंध नाही.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, कैऱ्या उतरायला लागल्या की घरात प्रश्न येतो, "कितलं तेल लागी?" पाच किलो कैरीला सव्वा किलो तेल असं कोणी सांगितलं तर ते झालं पावणेचौदाशे मिली. लिटरच्या एका पाकिटाने भागत नाही, दोन आणावी लागतात आणि त्यांतलं ५५०-६०० ग्रॅम उरतं. ते बाजूला राहू द्या, लागणार आहे.

लोणच्यात मसाल्याचं प्रमाण वजनाने जमवायचं, पण बरणीतलं तेल लिटरने बघायचं, कारण तिथे फोडी तेलाखाली बुडणं महत्त्वाचं. तेल कडकडीत करून, पूर्ण गार करून मगच ओता. शंभर अंशाचं तेल ३० अंशाला येताना जवळपास पाच टक्के बसतं. गरम-कोमट तेल काठापर्यंत ओतलं की बरणी भरलेली दिसते आणि सकाळी वरच्या फोडी उघड्या पडलेल्या असतात. तिथूनच बुरशी धरते. शिवाय पहिले काही दिवस फोडीही तेल पितात. तेव्हा दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने झाकण उघडून पातळी पाहा आणि राखून ठेवलेल्या तेलातलं लागेल तेवढं तापवून, गार करून फोडींच्या वर बोटभर येईल असं घाला.